‘कोरोना आहे, नंतर या’

(पाड्यावर सगळे जमल्यावर हा मजकूर कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा.)



मार्च २०२० नंतरच्या सव्वा वर्षात सरकारी कचेरीच्या दारात आपण एकच वाक्य ऐकलं. वनहक्काच्या दाव्याचं काय झालं विचारायला गेलो, ‘कोरोना आहे, नंतर या.’ मोजणी कधी होणार विचारलं, ‘कोरोना आहे, नंतर या.’ रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं होतं, रोजगार हमीचं काम मागायचं होतं, नामंजूर दाव्याची नक्कल पाहिजे होती. सगळ्याला एकच उत्तर. शिपाई दारातच दोरी बांधून उभा. आत साहेब व्हीसीत.

आपण गप माघारी फिरलो. रोग आहे, साहेबालाही जीव आहे, असं मनाला समजावलं. पण सव्वा वर्ष तसंच गेलं. आता हिशोब मांडायची वेळ आली आहे. या सव्वा वर्षात कुणाचं काम बंद राहिलं आणि कुणाचं काम चालू राहिलं, एवढाच हा हिशोब आहे. तो नीट ऐका आणि आपल्या गावात ताडून बघा.

रोग खरा आहे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. कोरोना थोतांड आहे असं संघटना म्हणत नाही. पहिल्या वेळी शहरात मेलेल्यांच्या बातम्या आपण ऐकल्या. २०२१ च्या चैत्र-वैशाखात आपल्याच पाड्यांवर ताप आला, आपलीच माणसं गेली. माणसाला माणसापासून लांब ठेवावं लागतं, तोंडाला फडकं बांधावं लागतं, आजाऱ्याला वेगळं निजवावं लागतं. हे आपल्याला कुणी दंडुका दाखवून शिकवायची गरज नव्हती.

रोगराई आली की गाव बांधायची रीत आपल्या बापजाद्यांची आहे. मार्च २०२० मध्ये किती गावांनी आपणहून वेशीवर बांबू आडवे टाकले, काट्याकुट्या लावल्या, ते आठवा. बाहेरचा माणूस आत नाही, आतला बाहेर नाही. पण त्या बंदीत गाव एकत्र बसलं होतं. कुणाच्या घरात दाणे नाहीत, कुणाची बाई दिवसात आहे, कुणाची गुरं रानात आहेत, हे बघून बंदी ठरली होती. जो बंदी घालतो त्याने बंद झालेल्याच्या पोटाचं बघायचं, हा गावाचा न्याय आहे.

सरकारच्या बंदीत हाच न्याय नव्हता. आपलं भांडण रोगाशी काळजी घेण्यावरून नाही. रोगाच्या नावाखाली राज्य कसं चालवलं, त्यावरून आहे.

चार तास

२४ मार्च २०२०, रात्री ८ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि म्हणाले, आज रात्री १२ पासून सगळा देश बंद. चार तासांची मुदत. १३० कोटींचा देश, आणि चार तास! लग्नाची तिथी काढतानासुद्धा माणूस चार घरं विचारतो. इथे मजुरांना विचारलं नाही. गाड्या बंद झाल्यावर लाखो माणसं घरी कशी जाणार, याची सोय आधी केली नाही.

२१ दिवस म्हणाले. मग ३ मे झाली. मग १७ मे. मग ३१ मे. २१ दिवसांचे ६८ दिवस झाले. प्रत्येक वेळी मुदत संपता संपता नवा हुकूम.

आपली माणसं तेव्हा कुठे होती? वीटभट्टीवर, रेतीच्या बंदरावर, बिल्डिंगच्या कामावर. भट्टीचा मालक म्हणाला काम बंद, उचल फिटली नाही, हिशोब पावसाळ्यात करू. गाडी नाही, एस.टी. नाही. पोरं खांद्यावर घेऊन माणसं चालत निघाली. नाक्यावर पोलिसांनी झोडली, रानातून गेली तर वनखात्याने अडवली.

देशाच्या सुप्रीम कोर्टात ३१ मार्चला सरकारचा वकील उभा राहून काय म्हणाला? आता रस्त्यावर एकही मजूर चालत नाही! त्यानंतर एप्रिल आणि मे असे दोन महिने माणसं चालतच होती.

बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची आदिवासी मुलगी तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. काम बंद पडल्यावर टोळीबरोबर रानावनातून तीन दिवस चालली आणि १८ एप्रिलला गावाच्या अलीकडेच मेली. तिला कोरोना नव्हता. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या कारखान्यातून निघून मध्य प्रदेशात घरी चालले होते. शहडोल-उमरियाकडची माणसं, त्यातले बरेचसे गोंड. गाड्या बंद आहेत म्हणून ते रुळावर झोपले. दुसऱ्या दिवशी पेपरात रुळावर पडलेल्या त्यांच्या भाकरींचा फोटो आला. कोरोना त्यांनाही नव्हता.

मग १४ सप्टेंबर २०२० ला संसदेत प्रश्न विचारला की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले? सरकारने लेखी उत्तर दिलं: अशी माहिती ठेवलेली नाही. त्याच सरकारने सांगितलं की १ कोटीच्या वर मजूर आपापल्या राज्यात परत गेले. म्हणजे परतलेल्यांची मोजणी झाली, मेलेल्यांची झाली नाही. आणि मोजलंच नाही तर भरपाईचा प्रश्नच येत नाही.

आपल्याला ही तऱ्हा ओळखीची आहे. कसत असलेली जमीन मोजलीच नाही तर पट्टा देण्याचा प्रश्न येत नाही. वनखात्याने हीच युक्ती आपल्यावर साठ-सत्तर वर्षं वापरली.

कुणासाठी उघडं होतं?

आता दुसरी बाजू बघा. आपल्याला घराबाहेर पडायला बंदी होती तेव्हा दिल्लीत काय काय चालू होतं, ते तारखेनिशी ऐका.

२३ मार्च २०२०. पंतप्रधान टीव्हीवर येण्याच्या आदल्याच दिवशी पर्यावरण मंत्रालयाने नवा मसुदा बाहेर काढला. खाण, धरण, कारखाना काढताना जंगल-पाण्याचं काय नुकसान होईल ते तपासायचे नियम बदलण्याचा हा मसुदा. जनसुनावणीच्या तयारीला ३० दिवस मिळायचे ते २० करायचे. परवानगी न घेता आधी प्रकल्प उभारला तरी मागाहून परवानगी मागता येईल, अशी वाट ठेवायची. आणि हरकती पाठवा म्हणे! एस.टी. बंद, मसुदा इंग्रजी-हिंदीत. दिल्ली हायकोर्टाने ३० जूनला सांगितलं की सगळ्या भाषांत भाषांतर करा, तर सरकार त्याच्या विरोधात सुप्रीम कोर्टात गेलं. लोकांना त्यांच्या भाषेत कळू नये यासाठी सरकार कोर्टात जातं, यावरून काय समजायचं ते समजा.

६ एप्रिल. अमेरिकेत प्राणिसंग्रहालयातल्या एका वाघिणीला कोरोना झाला, म्हणून आपल्याकडे सल्ला निघाला की अभयारण्यं आणि व्याघ्रप्रकल्पांत माणसांची ये-जा कमी करा. त्या रानात पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं कुठे जाणार, ते त्यात नव्हतं.

७ एप्रिल. लोकांना रानात जायला बंदी, आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती व्हीसीवर बसली. अभयारण्यांतले आणि त्यांच्या लगतचे रस्ते-वीजवाहिन्या वगैरे प्रस्ताव त्या बैठकीत हातावेगळे झाले. गोव्याच्या मोलेमच्या जंगलातून जाणाऱ्या वीजवाहिनीचा प्रस्तावही त्यातच. ज्या जागेवर हे होणार ती जागा बघायला कुणी जाऊ शकत नव्हतं.

५ जून. शेतीचे तीन वटहुकूम. सप्टेंबरमध्ये राज्यसभेत मतांची मोजणी न करता आवाजी मतदानाने ते कायदे मंजूर झाले. त्याच आठवड्यात मजुरांच्या कायद्याच्या तीन संहिता, विरोधक सभागृहात नसताना. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द होता. आणि शेतकरी दिल्लीच्या वेशीवर थंडीत बसले तेव्हा हिवाळी अधिवेशनच कोरोनाचं कारण सांगून रद्द केलं. शेतकरी २०२१ मध्येही तिथेच बसले होते. ऊन, थंडी, पाऊस, सगळं झालं.

१८ जून. ४१ कोळसा खाणपट्ट्यांचा लिलाव खाजगी कंपन्यांसाठी पंतप्रधानांनी स्वतः सुरू केला. त्यात आपल्या चंद्रपुरातला, ताडोबाजवळचा बंदर पट्टाही होता. ओरड झाली म्हणून तो वगळला. छत्तीसगडच्या हसदेवच्या जंगलातल्या सरपंचांनी लिहून कळवलं होतं की आमच्या ग्रामसभांना विचारल्याशिवाय लिलाव करू नका. टाळेबंदीतसुद्धा लोक बोलले म्हणून काही पट्टे वाचले, हे लक्षात ठेवा.

आणि २०२१ मध्ये? बंगालात आठ टप्प्यांत निवडणूक, लाखालाखाच्या सभा. हरिद्वारला कुंभमेळा. त्यांना कुणी ‘नंतर या’ म्हटलं नाही.

तर मग बंद काय होतं? आपलं तोंड बंद होतं. मोर्चा बंद, धरणं बंद, सभा बंद, कोर्टाची तारीख बंद. ज्या रस्त्याने आपण आपलं म्हणणं सरकारपर्यंत नेतो तेवढेच रस्ते बंद होते.

दारूचं दुकान उघडं, ग्रामसभा बंद

कुणी म्हणेल, हे सगळं दिल्लीचं झालं. मुंबईत तर तेव्हा दुसऱ्यांचं सरकार होतं. बरोबर. मग मुंबईचं बघू.

मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात दारूची दुकानं उघडली. त्याच महिन्यात ग्रामसभांना स्थगिती आली. ती पुढच्या जानेवारीपर्यंत चालली. मे महिन्यात दारूच्या दुकानापुढे रांग लावून उभं राहता येत होतं, पण आपल्या झाडाखाली हात-हात अंतरावर बसून गावाच्या जंगलाबद्दल बोलता येत नव्हतं. ज्यांची मुदत संपली त्या ग्रामपंचायतींवर प्रशासक बसला.

वनहक्क कायद्याचा नियम काय सांगतो? दावे ठरवण्याच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत, त्यात तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. आणि तेव्हा जमावबंदीचा हुकूम काय सांगत होता? पाच माणसं जमली की गुन्हा. मग दावा पुढे सरकणार कसा? दोन्ही कागदांवर सरकारचाच शिक्का.

२०१८ च्या मार्चमध्ये आपण नाशिकहून मुंबईला चालत गेलो होतो. पायाचे सोलाणे निघाले तेव्हा सरकारने लिहून दिलं होतं की वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. सहा महिने झाले, सरकार बदललं, आणि कोरोना आला. आता तर आयतं कारणच सापडलं.

मोहाचं बघा. मोहफूल काही सरकारच्या हुकुमाची वाट बघत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ते पडतं, वेचलं नाही तर सडतं. टाळेबंदीच्या पहिल्या हुकुमात किराणा होता, दूध होतं, पेट्रोल पंप होते. आपलं वनोपज नव्हतं. १६ एप्रिलला दिल्लीहून दुरुस्ती आली की आदिवासींना वनोपज गोळा करायला मुभा आहे. तोपर्यंत तीन आठवडे गेले होते. वेचलेलं मोह घेऊन बाजारात जायला बाजार नव्हता, व्यापारी दारात येऊन पाडून भाव मागत होता. हुकूम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आपण माणसं म्हणून नसतो, हा त्याचा पुरावा. त्यांना जंगल दिसतं, वाघ दिसतो, कोळसा दिसतो. जंगलात वेचणारी बाई दिसत नाही.

खावटीचं बघा. २०२० च्या पावसाळ्यात राज्य सरकारने खावटी अनुदान जाहीर केलं. कुटुंबाला ४,००० रुपये: २,००० रोख आणि २,००० चा किराणा. पावसाळ्यातली उपासमार म्हणून खावटी. तो पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा गेला, दुसरा पाऊस लागला. तोवर कितीतरी पाड्यांवर किराण्याची पिशवी पोचली नव्हती. बंदीचा हुकूम चार तासांत पोचतो, खावटीला वर्ष लागतं.

आणि ई-पास! जिल्ह्याबाहेर जायचं तर मोबाईलवर अर्ज करावा लागायचा. लस पाहिजे तर १८ ते ४४ वाल्यांना मोबाईलवर नाव नोंदवावं लागायचं. पोरांची आश्रमशाळा मोबाईलवर. ज्या पाड्यावर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं तिथे सरकारने मोबाईल हीच माणसाची ओळख ठरवली. आश्रमशाळेतून मार्चमध्ये घरी आलेली पोरं परत गेली नाहीत. पोरगे भट्टीवर गेले, पोरींची लग्नं लागली. या पोरांचं वर्ष कोण परत देणार?

या सगळ्या काळात वनखात्याला मात्र फुरसत होती. ओडिशात कालाहांडीत ऐन टाळेबंदीत कोंध आदिवासींची घरं वनखात्याने पाडली. ज्यांना घराबाहेर पडू नका म्हणत होते, त्यांचं घरच पाडलं. आपल्याकडेही ज्या गावांत दावे पडून आहेत, तिथे खड्डे मारून रोपं लावायला आले का, याची प्रत्येक गावाने नोंद करावी. कायद्याचं कलम ४(५) सरळ सांगतं: दाव्याची तपासणी पुरी झाल्याशिवाय कसणाऱ्याला जमिनीवरून काढता येणार नाही. या कलमाला कोरोनाची सुट्टी नाही.

एकाच घाण्यातले दोन कायदे

ही बंदी कोणत्या कायद्याने आली? एक २००५ चा आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा. दुसरा १८९७ चा साथरोग कायदा. महाराष्ट्राने १३ मार्च २०२० पासून तो लागू केला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा, इंग्रजाचा.

तो का केला होता ते समजून घ्या. मुंबई-पुण्यात प्लेग आला. इंग्रजाने पुण्यात रँड नावाचा साहेब बसवला. गोरे शिपाई घरात घुसायचे, बायांना बाहेर काढायचे, सामान जाळायचे, माणसं उचलून छावणीत टाकायचे. लोकांना प्लेगापेक्षा शिपायाची भीती जास्त. शेवटी २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्या कायद्यात एक कलम असं आहे की, चांगल्या हेतूने केलं म्हटलं की अधिकाऱ्यावर दावा लावता येत नाही. ते कलम अजून तसंच आहे.

आपल्याला चोर ठरवणारा वन कायदा १९२७ चा. तोही इंग्रजाचा. दोन्ही कायदे एकाच घाण्यातून निघाले: रयत अडाणी, रयत धोकादायक, तिला धाकात ठेवा. साहेब काळा झाला, घाणा तोच राहिला. टाळेबंदी मोडल्याचे महाराष्ट्रात लाखाच्या वर गुन्हे कलम १८८ खाली दाखल झाले. त्यात आपली पोरं किती असतील? दाणे आणायला निघालेली, लाकडं आणायला निघालेली?

त्याच १८९७ च्या प्लेगात पुण्यात आणखी एक बाई होती. सावित्रीबाई फुले. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. हडपसरच्या बाजूला माळावर त्यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला. एका रोगी पोराला सावित्रीबाई पाठीवर घेऊन आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. रोग एकच, वर्ष एकच. एकाने शिपाई पाठवले, दुसरीने पाठ दिली. साथीशी लढायचे हे दोन रस्ते तेव्हाही होते, आजही आहेत.

तुरुंगाला टाळेबंदी नव्हती

लोकांनी गर्दी करू नये म्हणणाऱ्या सरकारने तुरुंगातली गर्दी मात्र वाढवली. १४ एप्रिल २०२०, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, आनंद तेलतुंबडे यांना हजर होऊन अटकेत जावं लागलं. ८ ऑक्टोबरला रांचीहून फादर स्टॅन स्वामींना उचललं. वय ८३. हात थरथरतात, पेला धरता येत नाही. पाणी प्यायला नळी पाहिजे म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. आजारी आहे, जामीन द्या म्हणून मागत राहिले. तुरुंगात असतानाच त्यांना कोरोना झाला आणि ५ जुलै २०२१ ला मुंबईत दवाखान्यात, कैदी म्हणूनच, ते गेले. एकही गुन्हा शाबीत झाला नव्हता. खटला सुरूसुद्धा झाला नव्हता.

त्यांचं काम काय होतं? झारखंडात आदिवासींच्या जमिनी कशा जातात, नक्षलवादी ठरवून आदिवासी पोरांना कसं वर्षानुवर्षं कोठडीत सडवतात, हे ते कागदावर मांडत होते. पाचवी अनुसूची, पेसा, ग्रामसभेचा अधिकार याबद्दल बोलत होते. आपण बोलतो तेच. म्हणून त्यांचं मरण आपल्या घरातलं आहे.

बाहेर मोर्चा काढता येत नाही, कोर्टात तारीख लागत नाही, संसदेत प्रश्न विचारता येत नाही. असल्या दिवसांत माणसं उचलणं सोपं असतं. आणीबाणी २१ महिन्यांची होती, पण तिला आणीबाणी म्हणून नाव तरी होतं. कोरोनाच्या बंदीला नाव काळजीचं होतं.

मग करायला काय पाहिजे होतं?

हा प्रश्न आपल्याला विचारतील, विचारायलाच पाहिजे. उत्तर आपल्याकडे आहे आणि ते करून दाखवलेलं आहे.

गडचिरोली, गोंदिया, अमरावतीत ज्या ग्रामसभांच्या हातात सामूहिक वनहक्क होता, तिथे काय झालं बघा. तेंदू आणि बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात होता. त्यातून त्यांनी गरजू घरांना मदत केली, गावात मजुरीची कामं काढली, बाहेरून परतलेल्या माणसांची सोय केली. अंतर ठेवून तेंदूचा हंगाम केला. जंगलावर गावाचा हक्क म्हणजे संकटातली कणगी, हे त्यांनी दाखवलं. जिथे पट्टा नाही, सामूहिक हक्क नाही, तिथली माणसं रेशनच्या ५ किलोकडे डोळे लावून बसली. कार्ड नसलेल्यांना सुरुवातीला तेही नव्हतं.

सरकारी माणसांनीही चांगलं काम केलं, तेही सांगितलं पाहिजे. नंदुरबार हा सगळ्यात मागास म्हणून हिणवला जाणारा जिल्हा. तिथले तेव्हाचे कलेक्टर राजेंद्र भारूड हे भिल्लाच्या घरातले. पहिली लाट ओसरली तेव्हा त्यांनी हात बांधून न बसता जिल्ह्यातच ऑक्सिजनचे प्लांट उभे केले. दुसऱ्या लाटेत मोठी शहरं ऑक्सिजनसाठी तडफडत होती तेव्हा नंदुरबार सावरलं होतं. नर्मदेच्या काठावरची अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यावर जाऊन बाळंतिणींना, पोरांना बघत होती. गावोगावच्या आशाताईंनी तुटपुंज्या मानधनावर घर अन् घर पालथं घातलं. ही माणसं सावित्रीबाईंच्या रस्त्याची. दंडुका न घेता रोगाशी लढता येतं, हे त्यांनी दाखवलं.

म्हणून ‘दुसरा इलाज नव्हता’ हे खोटं आहे. इलाज होता. दाणा आधी, बंदी नंतर. दवाखाना आधी, पोलीस नंतर. विचारणं आधी, हुकूम नंतर.

लसीचंही इथेच सांगतो. आपल्यातले बरेच जण लस घ्यायला घाबरतात. वर्षभर जो दंडुका घेऊन आला तोच आज सुई घेऊन आला, तर भीती वाटणारच. हा भरवसा सरकारने घालवला आहे. पण लस आपल्या जिवासाठी आहे, त्यांच्यावर मेहरबानी म्हणून नाही. लस घ्या. लस पाड्यावर आणा, अशी मागणी करा. मोबाईलवर नोंद नसली तरी २०२१ मध्ये सरकारी केंद्रावर जागेवर नाव लिहून लस देता येत होती, हे ठणकावून सांगा. आपल्याला लढायला माणसं जिवंत पाहिजेत.

आता ‘नंतर’ झालं

बंदी उठली. पण बंदीत केलेले कायदे, लिलाव, मंजुऱ्या आपोआप उठत नाहीत. आणि आपल्याला लागलेली गप माघारी फिरायची सवयही आपोआप उठत नाही. ती मोडावी लागेल. यासाठी प्रत्येक गावाने पुढची कामं करावीत:

१. तोंडाला फडकं बांधून, अंतर ठेवून, झाडाखाली पाड्याची ग्रामसभा घ्या. वनहक्क समितीचं रजिस्टर बाहेर काढा. किती दावे दिले, किती मंजूर, किती नामंजूर, किती पडून, याची यादी करा.

२. ज्याचा दावा नाकारला त्याला कारणासह लेखी पत्र मिळालंच पाहिजे. तोंडी ‘नामंजूर’ चालत नाही. उपग्रहाच्या फोटोत झाडं दिसतात एवढ्यावर दावा नाकारता येत नाही. म्हाताऱ्या माणसांचा जबाब हाही पुरावा आहे.

३. जिल्हा समितीने नाकारलेल्या दाव्यावर विभागीय समितीकडे अपील करता येतं, अशी अधिसूचना राज्यपालांनी १८ मे २०२० ला अनुसूचित क्षेत्रासाठी काढली. म्हणजे आपण घरात कोंडलेले होतो तेव्हा. किती जणांना ती कळली? अपील करा. मुदतीचं कारण सांगितलं तर लेखी उत्तर द्या की कचेरी तुमची बंद होती, आम्ही आलो होतो.

४. ज्या ज्या वेळी ‘नंतर या’ सांगून माघारी पाठवलं त्याची तारीख आणि कचेरी आठवून रजिस्टरमध्ये लिहा. यापुढे दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय दारातून हलायचं नाही.

५. बंदीच्या काळात गावच्या जंगलात झालेली लागवड, तोड, मोजणी, खांब, यांची नोंद करा आणि कलम ५ खाली ग्रामसभेचा ठराव करून खात्याला पाठवा.

६. कलम १८८ चे गुन्हे ज्यांच्यावर आहेत त्यांची नावं तालुका कमिटीकडे द्या. गरिबांवरचे हे सगळे गुन्हे मागे घ्या, ही आपली मागणी आहे.

७. खावटी, रोजगार हमीची थकलेली मजुरी, आश्रमशाळा, यांच्यासाठी प्रत्येक पाड्याचा वेगळा अर्ज करा. एकाचा अर्ज हरवतो. चाळीस पाड्यांचे अर्ज हरवत नाहीत.

यादी तयार झाली की ती पिशवीत घालून आपण सगळे मिळून कचेरीवर जाऊ. अंतर ठेवून, फडकं बांधून, पण जाऊ. शिपाई दोरीपाशी अडवून पुन्हा तेच वाक्य बोलेल. त्याला सांगायचं: बाबा, तू नंतर या म्हणालास. हे बघ, आम्ही नंतर आलो आहोत. आता साहेबाला बाहेर बोलव.

जोहार! जिंदाबाद!